कुणकेश्वराचा दिवा

आम्हा सोलापूरकरांना पाण्यातलं देऊळ नवं नाही. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांचं मंदिर तलावातच आहे आणि संक्रांतीला नंदीध्वजांमागे अख्खं शहर चालतं. पण आमचं पाणी शांत. देवगडजवळच्या कुणकेश्वरासमोर थेट अरबी समुद्र पसरलेला. किनाऱ्याच्या खडकात शिवलिंगं कोरलेली आहेत. भरतीला ती बुडतात, ओहोटी लागली की पुन्हा दिसू लागतात.

दर्यावर्दी लोकांची या देवावर श्रद्धा का, ते एका कथेत आहे. इराणकडचा एक व्यापारी. त्याचं गलबत वादळात सापडलं. रात्री किनाऱ्यावर एक दिवा लुकलुकताना दिसला, तेव्हा त्यानं नवस केला, वाचलो तर इथं देऊळ बांधीन. "दिवो दिसलो म्हणान वाचलो तो," किनाऱ्यावरच्या एका गाबित म्हाताऱ्यानं मला सांगितलं, जणू परवाचीच गोष्ट. व्यापाऱ्यानं शब्द पाळला. मात्र परधर्माचं देऊळ बांधल्यावर आपली माणसं आपल्याला स्वीकारणार नाहीत, या विचारानं त्यानं शिखरावरून उडी टाकली म्हणतात. देवळाशेजारी त्याची म्हणून एक कबर दाखवतात.

देऊळ यादवांनी 1100 च्या सुमारास बांधलं, असं जागोजागी छापलेलं आढळतं. शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या मला हे गणित जुळत नाही. 1100 मध्ये यादव कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक होते, त्यांचा मुलूख सिन्नर-नाशिककडचा. कोकणात शिलाहार घराणी राज्य करत होती. सिंघण यादवानं कोल्हापूरच्या शिलाहार दुसऱ्या भोजाला हरवलं ते 1212 च्या सुमारास. म्हणजे देऊळ एक तर शिलाहारांच्या काळातलं, किंवा यादवांचंच म्हणायचं तर निदान शंभर वर्षांनी अलीकडचं. 1920 मध्ये देवळाच्या पूर्वेला एक गुहा सापडली. आतले कोरीव दगडी मुखवटे पाहिले की या जागेचा भूतकाळ एका सनात मावणारा नाही, हे पटतं.

कथेतला व्यापारी मात्र मला अगदी खरा वाटतो. इराणच्या आखातातून घोडे भरलेली गलबतं या किनाऱ्याला सतत येत. डोंगर, भूशिरं, शिखरं पाहून किनारा ओळखायचा तो काळ. अंधारात दिवा दिसणं म्हणजे जीव वाचणं. आणि परका नाखवा इथं आपलं देवस्थान उभारतो, याला पुरावा आहे. सोमनाथला 1264 चा शिलालेख मिळाला, संस्कृत आणि अरबी अशा दोन्ही भाषांत. होर्मुझचा जहाजमालक नुरुद्दीन फिरोज यानं तिथं मशीद बांधली. जमीन गावातल्या प्रतिष्ठितांच्या संमतीनं मिळाली. संस्कृत लेखाचा आरंभ विश्वनाथाला वंदन करून होतो आणि काळ चार संवतांत दिला आहे, त्यात हिजरीही आहे. शैवांच्या तीर्थक्षेत्रात हे सगळं उघड, लिहूनसवरून झालं.

म्हणून कथेचा शेवट मला पटत नाही. व्यापार करणारी माणसं एकमेकांच्या देवांना सांभाळून घेत होती. ती उडी नंतरच्या कुण्या कडवट काळानं जोडली असावी, असं माझं मत आहे. महाशिवरात्रीला आसपासच्या गावांचे देव पालख्यांतून येतात, समुद्रात त्यांना स्नान घालतात, किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा उरत नाही. त्या गर्दीतून वाट काढून कबरीपाशीही जरूर जाऊन यावं.