लिंबाने केस सोनेरी होतात?

दोस्तांनो, केसांना लिंबाचा रस चोळून उन्हात बसलं की केस सोनेरी होतात, असं वर्गातल्या कुणीतरी तुम्हांला सांगितलं असेलच. खरं आहे का हे? थोडंसं! केसांचा काळेपणा मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे असतो. ऊन ते हळूहळू फिकं करतं, लिंबातलं आम्ल त्याला हातभार लावतं. पण आपल्या काळ्याभोर केसांत मेलॅनिन इतकं ठासून भरलेलं, की फार तर तांबूस छटा येणार. आणि केस होणार राठ, झाडूसारखे! शिवाय डोक्याबाहेर आलेला केस निर्जीव असतो, तो पुन्हा काळा होत नाही. महिन्याला जेमतेम १ सेंटिमीटर नवा केस येतो, तोवर बसा वाट बघत.

मध लावायचं म्हणता? पाणी घातलेल्या मधात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं खरं, पण अगदी किंचित. त्यापेक्षा मध पोळीला लावून खाल्लेला बरा!

लिंबाचं मात्र जपून हं. त्याच्या सालीत आणि रसात फ्युरानोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. रस कपाळावर, मानेवर ओघळला आणि वर ऊन लागलं, तर एक-दोन दिवसांत कातडी भाजल्यासारखी लाल होते, फोडही येतात. मागे राहिलेले काळे डाग कित्येक आठवडे जात नाहीत. तेव्हा सरबत करतानाही हाताला रस लागला, तर अंगणात पळण्याआधी साबणाने हात धुवा.