घरच्या रंगकामासाठी एअर रेग्युलेटर कसा निवडावा?

जालन्यात लोखंडाची वाण नाही. इथल्या पोलाद कारखान्यांतून निघणाऱ्या सळ्या राज्यभर जातात आणि शहरापासून तालुक्याच्या गावापर्यंत फॅब्रिकेशनची दुकाने दिसतात. गेट, ग्रिल, कूलरची बॉडी, ट्रॅक्टरची ट्रॉली असे काही ना काही प्रत्येक घरी रंगवायचे असते. एक एचपीचा कॉम्प्रेसर आणि साधी स्प्रे गन आता घरगुती कारागिराच्याही आवाक्यात आहे. मात्र गन आणि रंग पारखून घेणारा माणूस रेग्युलेटर घेताना दुकानदार देईल तो उचलतो. रंग ओघळला किंवा मोसंबीच्या सालीसारखा खडबडीत बसला, की दोष रंगाला दिला जातो. पुष्कळदा खरी चूक हवेच्या दाबात असते.

रेग्युलेटरचे काम

घरगुती कॉम्प्रेसर साधारण ८ बारला बंद होतो आणि टाकीतला दाब ५-६ बारपर्यंत उतरला की पुन्हा सुरू होतो. (१ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय.) असा वरखाली होणारा दाब थेट गनला मिळाला, तर फवारा कधी जोरात, कधी मंद पडतो. रेग्युलेटरमध्ये स्प्रिंग, पडदा आणि छोटा व्हॉल्व्ह असतो. नॉब फिरवून स्प्रिंगवर जेवढा ताण द्याल, तेवढाच दाब तो पुढे जाऊ देतो.

तो दाब कमी करू शकतो, वाढवू शकत नाही आणि हवाही निर्माण करत नाही. त्यामुळे गावाकडे व्होल्टेज उतरून मोटर रडतखडत चालू लागली आणि टाकी रिकामी होत आली, तर महागडा रेग्युलेटरही काही करू शकत नाही.

आधी हवेचा हिशेब

गनला मिनिटाला किती लिटर हवा लागते आणि कॉम्प्रेसर किती देतो, हे आधी पाहा. कॉम्प्रेसरच्या पाटीवर बहुधा पिस्टनने ओढलेल्या हवेचा आकडा असतो. प्रत्यक्ष मिळणारी हवा त्याच्या साधारण दोन तृतीयांश धरावी. जालना समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे. त्यामुळे हवा किनारपट्टीपेक्षा पाच-सहा टक्के विरळ असते, तेवढी घट आणखी धरावी.

एक उदाहरण घेऊ. कॉम्प्रेसर मिनिटाला १०० लिटर हवा देतो, टाकी २४ लिटरची आहे आणि गनला ३०० लिटर लागतात. दाब ८ बारवरून ५ बारवर येईपर्यंत टाकीतून सुमारे ७२ लिटर हवा मिळते. कॉम्प्रेसर चालू धरला तरी गन सतत चालवल्यास ही शिल्लक वीस-बावीस सेकंदांत संपते. गेटची एक पट्टी रंगवता येईल, कपाटाचे अख्खे दार एका दमात होणार नाही. अशा कॉम्प्रेसरला लहान नोझलची, कमी हवा खाणारी गनच जोडावी.

कोणत्या गनला किती दाब

खाली कप असलेल्या साध्या सक्शन गनला साधारण ३ ते ३.५ बार दाब लागतो. एचव्हीएलपी गनला, म्हणजे जास्त हवा पण कमी दाबावर चालणाऱ्या गनला, तिच्यात हवा शिरते तिथे १.५ ते २ बार पुरतात. अशा गनच्या एअर कॅपवर, म्हणजे हवा बाहेर पडते त्या टोकाशी, दाब ०.७ बारच्या वर जात नाही, म्हणून रंग कमी उडतो. अमेरिकेत लॉस एंजलिस परिसराच्या प्रदूषण नियमांनी रंगाचा किमान ६५ टक्के भाग वस्तूवर बसावा अशी अट घातली, तेव्हापासून या गनचा प्रसार वाढला. बारीक कामाच्या एअरब्रशला १ ते २ बार पुष्कळ होतात. कंपनीच्या माहितीपत्रकात आकडा दिला असेल तर तोच प्रमाण मानावा.

खरेदी करताना काय पाहावे

*हवेचा प्रवाह.* सगळ्यात महत्त्वाची बाब हीच. पाव इंची आट्यांचे दोन रेग्युलेटर बाहेरून सारखे दिसले, तरी आतला व्हॉल्व्ह लहान असेल तर हवा कोंडते. गनच्या गरजेच्या निदान दुप्पट प्रवाह पेलणारा रेग्युलेटर घ्यावा. पॅकिंगवर प्रवाहाचा आकडाच नसेल तर तो नग नाकारावा.

*दाबाची मर्यादा.* आत येणारा १० बार दाब तो सहज सोसणारा असावा. बाहेरचा दाब मात्र ० ते ४ बारच्या टप्प्यात लावता आला तर उत्तम. ० ते १० बारच्या रेग्युलेटरवर नॉब जरा फिरला तरी दाब बराच बदलतो.

*गेज.* नेहमीचा दाब गेजच्या मधल्या भागात यावा. २ बारच्या कामासाठी १६ बारचा गेज लावला, तर काटा कोपऱ्यातच राहतो आणि बारीक फरक कळत नाही.

*जादा दाब सोडण्याची सोय.* रिलीव्हिंग प्रकारात नॉब मागे फिरवताच पाइपमधला जादा दाब बाहेर पडतो. रंगकामाला हाच प्रकार घ्यावा.

गनच्या बुडाशी लावायचा छोटा नॉब रेग्युलेटर म्हणून विकला जातो. त्यातले बरेचसे नुसते हवेची वाट आवळणारे व्हॉल्व्ह असतात. टाकीतला दाब बदलला की त्यांच्या पुढचाही बदलतो.

पावसाळ्यातले पाणी

एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत फारशी अडचण येत नाही. पावसाळ्यात मात्र ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाण्याची वाफ असते. हवा ८ बारपर्यंत दाबून पुन्हा थंड झाली की ती वाफ तिच्यात मावत नाही. मिनिटाला १०० लिटर देणारा कॉम्प्रेसर तासभर सलग चालला, तर जवळजवळ १२० मिलिलिटर पाणी सुटते. त्याचा थेंब गनमधून उडाला की रंगावर फोड येतात.

म्हणून फिल्टर आणि रेग्युलेटर एकत्र असलेला संच घ्यावा. साध्या रंगाला ५ मायक्रॉनचा फिल्टर चालतो. गाडीच्या चकचकीत रंगासाठी पुढे तेलाचे सूक्ष्म कण अडवणारा फिल्टरही लावावा, कारण तेलामुळे रंगात बारीक खड्डे पडतात. फिल्टरचा प्लास्टिकचा पारदर्शक बाउल थिनरने कधीही धुऊ नये. त्याला तडे जातात आणि दाबाखाली तो फुटू शकतो. काम संपल्यावर टाकीतले आणि बाउलमधले पाणी रोज काढावे.

बसवणे आणि दाब लावणे

कॉम्प्रेसरमधून निघालेली हवा गरम असते आणि पाणी ती थंड झाल्यावरच सुटते. त्यामुळे संच टाकीला चिकटून न बसवता पाच-सात मीटर पाइपनंतर भिंतीवर उभा बसवावा. बाणाची दिशा पाहावी, आधी फिल्टर आणि मग रेग्युलेटर यावा. पुढचा पाइप आतून ८ मिलिमीटरचा असावा, कारण ६ मिलिमीटरच्या लांब पाइपात बराच दाब वाटेतच जिरतो.

दाब लावताना गनचा ट्रिगर दाबून हवा चालू ठेवावी. बंद गनवर ३ बार दाखवणारा काटा हवा वाहू लागताच खाली येतो, आणि कामाचा दाब तो उतरलेलाच असतो. दाब शून्याकडून वर चढवत न्यावा. मग पुठ्ठ्यावर फवारा मारून पाहावा. थेंब मोठे पडले तर दाब थोडा वाढवा, रंग कोरडा धुरासारखा उडू लागला तर कमी करा.

हे टाळा

फॅब्रिकेशनच्या दुकानात गॅस कटिंगचे रेग्युलेटर पडलेले असतात. ते कॉम्प्रेसरला लावू नयेत. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरमध्ये कॉम्प्रेसरच्या हवेतले तेल गेले आणि तो पुन्हा सिलिंडरला लागला, तर आग भडकू शकते. घरातला स्वयंपाकाच्या गॅसचा रेग्युलेटरही या कामाचा नाही. तीन बाउलचा संच मिळत असेल तर त्यातला तेल सोडणारा ल्युब्रिकेटर रंगकामात नको. तो हवेवर चालणाऱ्या अवजारांसाठी असतो.

थिनरची वाफ पेट घेते आणि कॉम्प्रेसरच्या स्विचमध्ये ठिणगी पडते. म्हणून कॉम्प्रेसर रंगाच्या जागेपासून दूर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला ठेवावा. तोंडाला रुमाल पुरत नाही, रंगाची वाफ शोषणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क हवा. हार्डनर मिसळून वापरायच्या पीयू रंगांतील आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो. घरी साधा मास्क लावून ते फवारूच नयेत.

दुकानात गेल्यावर दुकानदाराला पहिला प्रश्न दाबाचा किंवा किमतीचा न विचारता हवेच्या प्रवाहाचा विचारा. आपल्या गनच्या गरजेच्या दुप्पट प्रवाहाचा, ० ते ४ बारच्या टप्प्यातला, फिल्टर जोडलेला रेग्युलेटर हीच घरच्या रंगकामासाठी योग्य निवड आहे.