मुंबईचा कोट व मैदाने : एक पायी सहल

प्राथमिक शाळांच्या सहली थंडीच्या दिवसांत निघतात. कोकणातील व घाटमाथ्यावरील पुष्कळ शाळा मुंबईस जातात. समुद्र, प्राणिसंग्रहालय, गेटवे ऑफ इंडिया आणि रात्रीचे दिवे एवढे पाहून मुले परततात. दुसऱ्या दिवशी शिक्षक निबंध लिहावयास सांगतात आणि बहुतेक निबंधांत गाडीतील जागेवरून झालेल्या भांडणाचे वर्णन सर्वांत सविस्तर असते. त्यात मुलांचा दोष नाही. गाडीच्या खिडकीतून धावती दिसणारी वस्तू मनात ठरत नाही. ज्या भूमीवरून मूल आपल्या पायांनी चालते, जेथे थांबून काही मोजते, ती भूमी मात्र त्याच्या ध्यानात राहते. यास्तव मुंबईच्या सहलीतील अर्धा दिवस जुन्या कोटाच्या परिसरात पायी फिरण्यासाठी राखून ठेवावा. वाट सपाट असून सर्व मिळून सुमारे ४ किलोमीटरांची आहे. तिसरी-चौथीची मुलेही ती सहज चालतात.

या सहलीत पाहावयाचा किल्ला आज जवळजवळ अस्तित्वात नाही, आणि तोच या सहलीचा विशेष आहे. तट पाडला गेला, खंदक बुजला, वेशी गेल्या. मात्र तटाबाहेरची मोकळी जमीन विस्तीर्ण मैदानांच्या रूपाने आजही हिरवी आहे. तट गेला असताना ही मैदाने का राहिली, हा प्रश्न सहलीस निघण्यापूर्वीच वर्गात फळ्यावर लिहून ठेवावा. उत्तर सांगू नये.

मुलांना किल्ला म्हणजे डोंगर असे वाटते. शिवछत्रपतींच्या गडांच्या गोष्टी ऐकलेल्या मुलांना तसे वाटणे स्वाभाविक आहे. गिरिदुर्गाचे निम्मे काम कडाच करतो. शत्रूला उघड्या उतारावरून धापा टाकीत वर यावे लागते आणि वरचा पहारेकरी त्याला दुरून पाहतो. सपाट जमिनीवरील कोटास असा कडा नसतो. म्हणून तेथे तट जाड बांधतात, तटाबाहेर खंदक खणतात, आणि खंदकापलीकडची जमीन झाडे, झोपड्या, कुंपणे काढून उघडी ठेवतात. ही तिसरी गोष्ट पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. तटासमोर घरे असतील तर शत्रू त्यांच्या आडोशाने तोफा आणून ठेवील आणि तटावरच्या तोफांना तो दिसणारच नाही. उघडे रान हाही किल्ल्याचाच एक भाग होय.

मुंबई बेट इंग्रजांच्या राजाकडून १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीस मिळाले. बंदराच्या काठी पोर्तुगीजांच्या वेळेपासूनचा एक वाडा होता. त्याभोवती कंपनीचा छोटा किल्ला उभा राहिला. साऱ्या वस्तीभोवतीचा तट मात्र १७१६ च्या सुमारास, चार्ल्स बून हा गव्हर्नर असताना, बांधला गेला. त्याला तीन मुख्य वेशी होत्या. उत्तरेस बझारगेट, पश्चिमेस चर्चगेट आणि दक्षिणेस अपोलो गेट. रात्री या वेशी बंद होत. पुढे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि मुंबईत घबराट पसरली. मराठे आता इकडे वळतील या भीतीने तटाबाहेर खंदक खणण्याचे ठरले व त्यासाठी शहरातील व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपये दिले. तीनच वर्षांनी, १७४२ मध्ये, नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने कलकत्त्यासही असाच खंदक खणण्यात आला आणि तो तर ‘मराठा खंदक’ याच नावाने ओळखला गेला. मराठे मुंबईवर चालून आले नाहीत. पण त्यांच्या भीतीने या शहराची आखणी ठरली, ही गोष्ट महाराष्ट्रातील मुलांना सांगण्याजोगी आहे. तटाबाहेरचे रानही याच सुमारास झाडे व घरे काढून मोकळे करण्यात आले आणि तोफांचा पल्ला वाढला तशी त्याची हद्द पुढे पुढे सरकत गेली.

सहलीचा आरंभ छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून, म्हणजे जुन्या बोरीबंदरापासून, करावा. १८५३ मध्ये ठाण्यास जाणारी पहिली आगगाडी येथूनच सुटली. स्थानकाच्या पूर्वेस सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारालगत जुन्या दगडी बांधकामाचा एक तुकडा शिल्लक आहे. १७६९ च्या सुमारास डोंगरीची टेकडी सपाट करून जो फोर्ट जॉर्ज नावाचा कोट कंपनीने बांधला, त्याचा तो अवशेष. मुंबईच्या कोटाचे दगड पाहावयाचे तर ते मुख्यतः येथेच. मुलांना भिंतीची जाडी डोळ्यांनी अजमावू द्यावी. रुग्णालय जवळ असल्याने गलका होऊ देऊ नये.

तेथून दक्षिणेकडे बझारगेटच्या गल्लीने चालू लागावे. वेस नाही, पण गल्लीस जुने लोक अजून त्याच नावाने ओळखतात. गल्ली अरुंद आणि घरे दाटीची आहेत. तटाच्या आत जागा मोजकी आणि माणसे वाढती, म्हणून ही दाटी झाली, हे येथे न सांगताही उमगते. कोटाच्या उत्तर भागात मुख्यतः हिंदी व्यापाऱ्यांची वस्ती होती आणि दक्षिण भागात इंग्रजांची. गल्ली संपवून पुढे गेले की हॉर्निमन सर्कल लागते. गोल बाग, उंच झाडे, थंडगार सावली. कोटाच्या आतील मोकळी जागा ती हीच. कापसाचा व्यापार येथे चाले व गासड्यांचे ढीग लागत. १८४४ मध्ये तो बाजार कोलाब्यास हलला. सध्याची गोल रचना १८७२ मध्ये पुरी झाली आणि स्वातंत्र्यानंतर ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव तिला दिले गेले. न्याहारी येथे करावी. पूर्वेस रुंद पायऱ्यांची टाउन हॉलची इमारत आहे, १८३३ मधली.

या टाउन हॉलच्या मागे कंपनीचा मूळ किल्ला होता. ती जागा आज भारतीय नौदलाच्या ताब्यात आहे. आत जाता येत नाही आणि छायाचित्रेही काढू नयेत. तथापि, तिचे नाव मुलांना अवश्य सांगावे. नौदलाच्या या ठाण्यास १९५१ पासून ‘आंग्रे’ हे नाव आहे. मुंबईभोवती तट बांधणाऱ्या बूनने सरखेल कान्होजी आंग्र्यांवर आरमारे पाठविली, १७१८ मध्ये खांदेरीवर हल्ला केला आणि हात हलवीत परतला. त्याच कंपनीच्या किल्ल्याच्या जागी आज कान्होजींचे नाव आहे. अलिबागकडील शाळांतील मुले हे ऐकून ताठ बसतील यात शंका नाही.

सर्कलपासून पश्चिमेकडे वळले की डाव्या हातास सेंट थॉमसचे देऊळ लागते. १७१८ मध्ये उघडलेले हे देऊळ ज्या वेशीजवळ होते ती चर्चगेट. मुंबईचे जुने मैलाचे दगड याच देवळापासूनचे अंतर दाखवीत. पुढे पाच-सात मिनिटांत हुतात्मा चौक येतो. येथील १८६९ चे फ्लोरा फाउंटन हे कारंजे चर्चगेटच्या वेशीच्या जागी उभे आहे. म्हणजे मुले आतापर्यंत कोटाच्या आत होती, ती आता बाहेर पडत आहेत. ही रेषा शिक्षकाने थांबून दाखवावी. याच चौकात २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. हुतात्मा स्मारकापाशी काही क्षण उभे राहून पुढे जावे. आणखी एक गंमत दाखविण्यासारखी आहे. चर्चगेट नावाचे रेल्वे स्थानक येथून बरेच पश्चिमेस आहे. ते १८७० मध्ये झाले, तेव्हा वेस पाडून काही वर्षे लोटली होती. वेशीचे नाव वेशीशिवाय चालत पुढे गेले.

वेस का पाडली? मराठ्यांचे राज्य १८१८ मध्ये गेले आणि तटाला शत्रू उरला नाही. लांब पल्ल्याच्या नव्या तोफांपुढे तसल्या तटाचा उपयोगही उरला नव्हता. उलट आतील वस्ती कोंडली होती. घाण, रोगराई व आगीचे भय वाढले होते. १८०३ मध्ये कोटात मोठी आग लागून वस्तीचा बराच भाग जळाला होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) मुंबईच्या कापसाला अफाट भाव आला आणि शहराजवळ पैसा खेळू लागला. बार्टल फ्रिअर हा गव्हर्नर असताना, १८६२ नंतर, तट उतरविण्यात आला. त्या रेषेवर नवे रस्ते व सार्वजनिक इमारती आल्या. उच्च न्यायालय आणि विद्यापीठाचा राजाबाई मनोरा या दोन्ही १८७८ मध्ये पूर्ण झाल्या.

या इमारतींच्या पुढ्यात जे लांबट मैदान पसरले आहे ते ओव्हल. त्याचे क्षेत्र सुमारे २२ एकर आहे. शेतकऱ्याच्या मुलास चौरस मीटरापेक्षा हा आकडा अधिक कळतो. सहलीचा मुख्य पाठ येथे घ्यावा. एका मुलास न्यायालयाच्या बाजूच्या कडेला उभे करावे. तो बुरुजावरचा पहारेकरी. बाकीच्यांनी पायवाटेने पश्चिमेकडे जावे आणि पहारेकऱ्यास दिसू नये असा आडोसा शोधावा. मध्ये आडोसा मुळीच नाही. तो मिळतो कडेच्या ताडांमागे, तोही एकेकट्यास. असे दोनदा झाले की फळ्यावरच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मुलांनी स्वतःच काढलेले असते. मैदानात क्रिकेटचे सामने चालू असतात, त्यामुळे पायवाट सोडू देऊ नये.

प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर अधिक अवघड आहे. तोफांची गरज संपल्यावर ही जमीन विकली का गेली नाही? काही विकली गेलीही. मैदानाच्या कडा इमारतींनी व रस्त्यांनी खाल्ल्या. पण शंभराहून अधिक वर्षे मोकळ्या राहिलेल्या जागेचा लोकांना सराव झाला होता. तेथे लोक वारा खात, फौज कवायत करी, गुरे चरत. गुरांवर सरकारने चराईचा कर बसविला तेव्हा सर जमशेटजी जिजीभॉय यांनी ठाकुरद्वारजवळ जमीन घेऊन ती गुरांसाठी खुली केली आणि त्यावरून चर्नी रोड हे नाव पडले, असे सांगतात. याच रानात १५ ऑक्टोबर १८५७ रोजी सय्यद हुसेन व मंगल गाडिया या दोन शिपायांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. त्या एका रानाचे पुढे ओव्हल, क्रॉस, आझाद व कूपरेज असे चार भाग झाले. पश्चिमेचा समुद्र हटवून तेथे नवी घरे झाली, तरी ओव्हल तसेच राहिले. १९९० नंतरच्या दशकात उकिरड्याची कळा आलेल्या या मैदानासाठी आसपासचे नागरिक झटले. २०१८ मध्ये दोन्ही बाजूंच्या इमारतींसह त्याची जागतिक वारशात गणना झाली. ज्या शहरात हातभर जमिनीस सोन्याचे मोल आहे, तेथे हे झाले.

ओव्हलच्या उत्तरेस क्रॉस मैदान व आझाद मैदान ओलांडले की मुले पुन्हा बोरीबंदरास येतात. वाटेत मोठे रस्ते आहेत. प्रत्येक ठिकाणी शिक्षकाने आधी स्वतः ओलांडून पलीकडे उभे राहावे आणि दुसऱ्याने मागे थांबावे. पाणी बरोबर घ्यावे. शौचाची सोय स्थानकात आधीच उरकावी.

ज्या शाळांना मुंबई दूर पडते त्यांनी सोलापूरचा भुईकोट किंवा पुण्याचा शनिवारवाडा निवडावा. हिरवळ व तट दोन्हीकडे शेजारी आहेत. परंतु सहलीस जाण्यापूर्वी किंवा परतल्यानंतर जे काम गावातच करता येते, त्याकडे अधिक लक्ष हवे. देशावर, खानदेशात, मराठवाड्यात असंख्य गावांना गढी आहे, वेशीची कमान आहे, गावकुसाचा पडका बांध आहे. गढीची पांढरी माती धाब्यावर टाकण्यास व शेतात पसरण्यास चांगली म्हणून दरवर्षी गाड्या भरून नेली जाते. मुंबईचा तट हुकूम काढून पाडला, त्याचे नकाशे तरी राहिले. गढी टोपलीटोपलीने जाते आणि तिची नोंद कोठेही नसते.

पाचवीच्या वर्गाने ती नोंद करावी. काठी, सुतळी व वही एवढे साहित्य पुरे. गढीची लांबी-रुंदी, उभ्या भिंतीची उंची, बुरूज किती, वेस कोणत्या दिशेस, पुढे मोकळी जागा आहे काय व ती आज कोणत्या कामी येते, हे लिहावे. पडक्या भिंतीखाली व भुयारात मुलांना जाऊ देऊ नये. वृद्ध माणसांना विचारून गढीच्या भागांची नावे लिहून घ्यावीत. ती फार लवकर विसरली जातात. नकाशाची एक प्रत शाळेच्या दप्तरी ठेवावी व एक ग्रामपंचायतीस द्यावी. पुढील वर्षी नव्या वर्गाने त्याच काठीने पुन्हा मोजावे आणि भिंत किती हात उतरली ते त्याच नकाशावर, तारीख घालून, लिहावे.