वैमानिक-नियंत्रक संदेशवहनातील गैरसमज

हवाई वाहतूक नियंत्रक व वैमानिक यांच्या रेडिओ संभाषणात एकाच्या शब्दांचा दुसऱ्याने वेगळा अर्थ घेणे, अथवा संदेश अर्धवट पोहोचला असता तो पूर्ण समजला असे उभयतांनी गृहीत धरणे. संदेश मुळीच ऐकू न येणे हा त्यामानाने सौम्य दोष होय. कारण तो पुन्हा मागविता येतो. शब्द स्पष्ट ऐकू आले, ते खरेही होते, पण त्यांवरून दोघांच्या मनांत विमानाचे स्थान निरनिराळे राहिले, तर चूक कोणाच्याच ध्यानात येत नाही.

मुंबईच्या दृष्टीने याचे सर्वांत दुःखद उदाहरण म्हणजे २४ जानेवारी १९६६ रोजी झालेला एअर इंडियाच्या ‘कांचनजंगा’ या बोइंग ७०७ विमानाचा अपघात. देवनारला लागून असलेल्या तुर्भे येथील अणुऊर्जा संस्थेचे संस्थापक होमी जहांगीर भाभा या विमानात होते. ते मुंबईहून दिल्ली व बैरूतमार्गे जिनीव्हाकडे निघाले होते. विमानातील दोन दिशादर्शक रेडिओ ग्राहींपैकी एक बैरूतपासूनच निकामी होता. आल्प्स पर्वतावर आल्यावर आपण माँ ब्लां शिखराच्या बाजूने पुढे जात आहोत असे वैमानिकाने कळविले. हे स्थान चुकीचे असल्याचे जिनीव्हाच्या नियंत्रकाने रडारवर पाहिले व शिखर अद्याप पाच मैल असल्याचे सांगितले. त्याच्या दृष्टीने ही दुरुस्ती होती. परंतु ‘तुमचा अंदाज चुकला आहे, शिखर अजून पुढे आहे, खाली येऊ नका’ असे त्यात स्पष्ट म्हटलेले नव्हते. वैमानिकाने ‘रॉजर’ असे उत्तर दिले आणि शिखराची धार ओलांडली या समजुतीने उतरणे चालू ठेवले. विमान सु. ४,७५० मी. उंचीवर पर्वतावर आदळून त्यातील ११७ जण मृत्युमुखी पडले. पुरेशा नेमक्या शब्दयोजनेअभावी ही दुरुस्ती वैमानिकाला उमगली नाही, असा फ्रेंच चौकशीचा निष्कर्ष होता. या अपघाताविषयी घातपाताच्या अनेक वदंता पसरल्या. त्यांपेक्षा हे साधे स्पष्टीकरण अधिक विश्वसनीय आहे. तुर्भे येथील संस्थेला १९६७ मध्ये भाभांचे नाव देण्यात आले.

‘रॉजर’ या शब्दाचा अर्थ ‘संदेश मिळाला’ एवढाच आहे. तो कसा समजला हे त्यावरून कळत नाही. म्हणून उंची, दिशा, धावपट्टी व वायुदाबमापकाची मांडणी यांविषयीच्या सूचना वैमानिकाने तशाच उच्चारून दाखवाव्या आणि नियंत्रकाने त्या लक्षपूर्वक ऐकून चूक तत्काळ सुधारावी, अशी आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. तिचे दुसरे अंग अधिक अवघड आहे, कारण अपेक्षित उत्तरच ऐकू आल्याचा भास कामाच्या घाईत सहज होतो.

एका कंप्रतेवर एका वेळी एकानेच बोलता येते, ही दुसरी अडचण. टेनेरीफ येथे २७ मार्च १९७७ रोजी नियंत्रकाचा थांबण्याचा आदेश व दुसऱ्या विमानाचा इशारा एकाच क्षणी प्रक्षेपित झाले. परस्परांत मिसळून ते के.एल.एम. विमानाच्या कक्षात अस्पष्ट झाले. धावपट्टीवरील टकरीत ५८३ माणसे दगावली. त्यानंतर उड्डाणवाचक इंग्रजी शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना वा ती रद्द करतानाच वापरण्याचा नियम रूढ झाला. इंग्रजी अंकांचे ‘ट्री’, ‘फाइफ’, ‘नाइनर’ हे विचित्र वाटणारे उच्चारही गोंधळ टाळण्यासाठीच ठरविलेले आहेत.

शब्द बरोबर उच्चारले म्हणजे पुरते असेही नाही. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ कझाकस्तानचे विमान नेमून दिलेल्या १५,००० फुटांखाली उतरले व सौदी विमानावर आदळले. ३४९ जण ठार झाले. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत कझाक कर्मचाऱ्यांचे इंग्रजीचे अपुरे ज्ञानही पुढे आले. त्यानंतर भारतात टक्करविरोधी उपकरण आवश्यक ठरविण्यात आले, तर २००८ पासून आंतरराष्ट्रीय वैमानिक व नियंत्रक यांना इंग्रजीची ठराविक पातळी गाठणे बंधनकारक झाले.

अरबी समुद्रावरील विमानांशी मुंबईचे नियंत्रण केंद्र लिखित अंकीय संदेशांद्वारेही संपर्क साधते. त्यात उच्चाराचा प्रश्न उरत नाही. विमानतळाजवळ मात्र वेळ थोडा असल्याने आज्ञा प्रामुख्याने आवाजानेच दिल्या जातात.