रडीचा डाव नेमका कुणाचा?

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ओहायोतल्या कोलंबस शहरात गेलात, तर ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसवर एक गंमत दिसते. पाट्यांवरच्या इंग्रजी ‘एम’ या अक्षरावर लाल फुली मारलेली असते. एम म्हणजे मिशिगन, आणि त्या शनिवारी मिशिगनशी फुटबॉलची मॅच असते. इथले पक्के फॅन त्या टीमचं नावही घेत नाहीत, ‘ती उत्तरेकडची टीम’ म्हणतात. आपल्याकडे पूर्वी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत ते आदराने, हे घेत नाहीत ते रागाने.

तुमच्यापैकी जे इथे शिकायला आलेत, त्यांना हा राग हुडीसोबत फुकट मिळतो. अ‍ॅडमिशन कोलंबसला झाली तर पहिल्याच सेमिस्टरमध्ये कळतं की मिशिगनवाले चीटर आणि गर्विष्ठ. तीच अ‍ॅडमिशन अ‍ॅन आर्बरला झाली असती तर ‘चीटर कोण’ याचं उत्तर बरोब्बर उलटं मिळालं असतं. मग एखाद्या टीमची प्रतिस्पर्ध्यांमध्ये जी बदनामी असते, ती त्या टीमबद्दल काही सांगते की बदनामी करणाऱ्यांबद्दल? उत्तर ‘दोन्ही’ असं आहे, पण कशात किती, हे बघण्यासारखं आहे.

एक मॅच, दोन सिनेमे

या विषयातला सगळ्यात गाजलेला अभ्यास एका कॉलेज फुटबॉल मॅचवरच झालाय. (इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल.) 24 नोव्हेंबर 1951 ला प्रिन्स्टन आणि डार्टमथ यांची मॅच झाली. प्रिन्स्टनचा स्टार खेळाडू डिक कॅझमायर नाक मोडून मैदानाबाहेर गेला. नंतर डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला. प्रिन्स्टनने मॅच 13-0 अशी जिंकली आणि मग दोन्ही कॉलेजांच्या विद्यार्थी वृत्तपत्रांत आठवडाभर एकमेकांची उणीदुणी काढणं चाललं.

डार्टमथचे अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि प्रिन्स्टनचे हॅडली कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना मॅचची तीच फिल्म दाखवली आणि फाउल मोजायला सांगितले. 1954 साली हा पेपर आला. प्रिन्स्टनच्या मुलांना डार्टमथचे सरासरी 9.8 फाउल दिसले आणि स्वतःच्या टीमचे 4.2. डार्टमथच्या मुलांना त्याच फिल्ममध्ये स्वतःचे 4.3 आणि प्रिन्स्टनचे 4.4 दिसले. ‘आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून’ या म्हणीला एवढा नेमका आकडा क्वचितच मिळतो!

पेपरमधला एक किस्सा तर भारीच आहे. डार्टमथच्या एका माजी विद्यार्थ्याने ही फिल्म मागवली. त्याने प्रिन्स्टनवाल्यांकडून डार्टमथच्या धसमुसळेपणाबद्दल बरंच ऐकलं होतं. फिल्म बघून तो गोंधळला आणि त्याने तार केली, की महत्त्वाचा भाग कापलेला दिसतोय, तो पाठवून द्या. कापलेलं काहीच नव्हतं.

मैदानावर रेफरीही होता

हा अभ्यास बहुतेक वेळा इथेच संपवला जातो. ‘बघा, प्रत्येकाला आपापलं सत्य दिसतं.’ पण त्याच पेपरमध्ये आणखी एक आकडा आहे. फुटबॉलमध्ये फाउल झाला की शिक्षा म्हणून टीमला काही यार्ड मागे नेतात. त्या दिवशी प्रिन्स्टनला 25 यार्डांची शिक्षा झाली होती आणि डार्टमथला 70.

रेफरीही माणूसच, तो चुकू शकतो. पण त्याच्या हिशेबात दोन्ही बाजू सारख्या नव्हत्या. म्हणजे चष्मा दोन्हीकडे रंगीत होता, तरी ‘दोघंही पक्षपाती, म्हणून दोघंही सारखेच खोटे’ असा निष्कर्ष निघत नाही. बदनामीमागे खरी घटना असू शकते. त्यातली कुठली घटना लक्षात ठेवायची आणि तिला केवढी मोठी करायची, हे मात्र राग ठरवतो.

आता हीच पट्टी मिशिगनला लावू. ऑक्टोबर 2023 मध्ये बातमी फुटली की मिशिगनचा एक कर्मचारी पुढच्या प्रतिस्पर्ध्यांच्या मॅचची तिकिटं काढून तिथे माणसं पाठवत होता आणि त्यांच्या कोचच्या खुणांचं शूटिंग करून घेत होता. त्या वेळी कॉलेज फुटबॉलमध्ये हेल्मेटमधून रेडिओवर बोलायला परवानगी नव्हती, ती 2024 मध्ये मिळाली. त्यामुळे पुढची चाल बाहेरून खुणांनीच कळवली जायची. समोरच्याच्या खुणा मॅच चालू असताना ओळखणं नियमात बसतं. पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या मॅचला माणूस पाठवून टेहळणी करणं 1994 पासून बंद आहे.

बिग टेन या लीगने कोच जिम हार्बॉ यांना तीन मॅचसाठी दूर ठेवलं. मिशिगनने त्या तिन्ही जिंकल्या. त्यातली तिसरी ओहायो स्टेटविरुद्धची होती, 30-24. 8 जानेवारी 2024 ला ते राष्ट्रीय विजेते झाले. पुढे 2025 मध्ये एनसीएएने मोठा दंड केला, पण विजेतेपद काढून घेतलं नाही. आता ओहायोवाला म्हणतो, ‘चोरून जिंकले.’ मिशिगनवाला म्हणतो, ‘कोच नसताना, खुणा बदलल्यावरही हरवलं की तुम्हाला!’ दोघांच्या हातात खरी तथ्यं आहेत, फक्त प्रत्येकाने अर्धी उचललीत.

ओहायो स्टेटचं पानही कोरं नाही. 2010 च्या शेवटी उघड झालं की त्यांच्या काही खेळाडूंनी जर्सी, अंगठ्या वगैरे आठवणीच्या वस्तू देऊन पैसे आणि टॅटू घेतले होते. कोच जिम ट्रेसल यांना हे आधीच कळलं होतं, त्यांनी ते दडवलं. मे 2011 मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि 2010 च्या सीझनमधले विजय रेकॉर्डमधून पुसले गेले. त्यात मिशिगनवरचा 37-7 हा विजयही होता.

पण जुलै 2021 पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि सहीवर पैसे कमावायची परवानगी आहे. म्हणजे ज्या प्रकारच्या कमाईसाठी त्या पोरांवर ठपका बसला, तशी कमाई आज उघडपणे होते. कोचने माहिती दडवणं तेव्हाही चूक होतं, आजही आहे. पण प्रतिस्पर्ध्यांच्या टोमण्यांमध्ये हा फरक कधी येत नाही. तिथे कोच आणि विशीतली पोरं एकाच शब्दात ‘चीटर’ होतात.

‘आपण’ जिंकलो, ‘ते’ हरले

एवढा राग येतो कुठून? 1976 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी सात युनिव्हर्सिटींमध्ये सोमवारी वर्गात बसून कपडे मोजले. टीम शनिवारी जिंकली असेल तर कॉलेजचं नाव असलेले कपडे जास्त दिसायचे. या सातांत ओहायो स्टेट आणि मिशिगन दोन्ही होत्या. फोनवर विचारल्यावर विद्यार्थी विजयाबद्दल बोलताना ‘वी’ जास्त म्हणायचे, पराभवाबद्दल बोलताना ‘दे’.

मराठीत हे आणखी स्पष्ट दिसतं, कारण इंग्रजीच्या एका ‘वी’साठी आपल्याकडे दोन शब्द आहेत. ‘आपण जिंकलो’ म्हटलं की ऐकणारा आत येतो, ‘आम्ही जिंकलो’ म्हटलं की बाहेर राहतो. नव्या देशात एकट्याने आलेल्या मुलाला त्या ‘आपण’ची भूक असते आणि ती भूक खरी आहे. प्रतिस्पर्ध्याला शिव्या घालणं हा त्या ‘आपण’मध्ये शिरायचा सगळ्यात स्वस्त पास. त्यासाठी खेळ कळायचीही गरज नसते.

यात नुकसान होतं ते मैदानावरच्या पोरांचं. कॉलेजची टीम चार-पाच वर्षांत जवळजवळ पूर्ण बदलते, पण नाव तेच राहतं. 2010 च्या प्रकरणाचे टोमणे आज ओहायो स्टेटकडून खेळणारा एकोणीस वर्षांचा मुलगा ऐकतो. तेव्हा तो शाळेतही जात नव्हता.

म्हणून पुढच्या वेळी ‘ते लोक असलेच’ असं ऐकलंत, तर जर्सी बदलून बघा. हेच आपल्या टीमने केलं असतं तर आपण काय म्हटलं असतं? कोणता नियम मोडला, कोणी मोडला, आणि तो माणूस अजून टीममध्ये आहे का? हुडी घाला, ओरडा, त्या शनिवारी ‘एम’वर फुलीही मारा. सोमवारी लॅबमध्ये मिशिगनहून आलेली नवी मुलगी भेटली, की तिच्याशी बोलताना मात्र ‘तुम्ही लोक’ने सुरुवात करू नका.