अडचणीच्या दुरुस्तीसाठी घरगुती अवजारे

पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टरचा क्लच घसरू लागला, की शेतकऱ्याची मोठी पंचाईत होते. सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात. परंतु ते काढण्या-बसविण्यासाठी लागणारे खास अवजार मिळेलच असे नाही. मग छिन्नी-हातोड्याने ठोकाठोक होते आणि चांगला भागही निकामी होतो. भंगारातील बोल्ट, पाइप व लोखंडी पट्टी यांपासून पुढील अवजारे सहज तयार करता येतात.

१. स्टड काढण्यासाठी दोन नट : स्टडला डोके नसल्याने पाना लागत नाही. पकडीने धरल्यास आटे खराब होतात. स्टडवर एकापाठोपाठ दोन नट चढवून ते एकमेकांवर घट्ट आवळावेत. नंतर आतील नटाला पाना लावून उलट फिरविल्यास स्टड बाहेर येतो. बसविताना बाहेरील नट फिरवावा.

२. बुश काढण्यासाठी ग्रीस : क्रँकशाफ्टच्या टोकातील पायलट बुश मागून ठोकता येत नाही, कारण तेथील छिद्र आतून बंद असते. बुशमागील पोकळी ग्रीसने गच्च भरावी. बुशच्या छिद्रात नेमकी बसेल अशी गोल सळई घालून हातोडीने ठोकावे. ग्रीस दाबले जात नाही; त्यामुळे ते बुशला मागून बाहेर ढकलते. ग्रीस कमी झाल्यास पुन्हा भरावे. सळई सैल असल्यास ग्रीस कडेने निसटते व काम होत नाही. डोळ्यांवर चष्मा लावावा.

३. क्लच प्लेट मध्यावर आणण्यासाठी लाकडी दांडा : प्लेट थोडी जरी सरकलेली राहिली, तरी गिअरबॉक्सचा शाफ्ट आत जात नाही. जुना शाफ्ट मिळाल्यास उत्तमच. नसल्यास सुताराकडून टणक लाकडाचा दांडा कातून घ्यावा. त्याचे टोक पायलट बुशमध्ये व पुढचा जाड भाग प्लेटच्या छिद्रात नेमका बसावा. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळावेत व शेवटी दांडा काढून घ्यावा.

४. बेअरिंग बसविण्यासाठी पाइपचा तुकडा : पाइपचे टोक कानशीने सपाट करावे. शाफ्टवर बसविताना दाब आतील कड्यावर, तर घरात बसविताना बाहेरील कड्यावर द्यावा. चुकीच्या कड्यावर ठोकल्यास तो मार गोळ्यांवर बसतो आणि नवे बेअरिंग लवकर आवाज करू लागते.

५. वाकविलेला पाना : आडोशाचा नट काढण्यासाठी जुना पाना दांड्याच्या मधोमध लाल तापवून वाकवावा व हवेत निवू द्यावा. तापविलेल्या जागी पोलाद मऊ पडते. म्हणून असा पाना हलक्या कामासाठीच वापरावा; त्याला पाइप लावून जोर देऊ नये.

येथे जुगाड नको

क्लचसाठी ट्रॅक्टर मधून सोडविताना पुढचा भाग एका बाजूला कलंडण्याचा धोका असतो, कारण पुढचा आस मधल्या खिळीवर डोलतो. आस व सांगाडा यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी घट्ट ठोकाव्यात. मागील चाकांना पुढून-मागून अडण लावावी. दोन्ही भागांखाली भक्कम आधार द्यावा. विटा किंवा दगड रचू नयेत. विटा वजनाने अचानक फुटतात. नुसत्या जॅकच्या भरवशावर ट्रॅक्टरखाली जाऊ नये. इंजेक्टरचा फवारा हात धरून तपासू नये. दाबाखालील डिझेल कातडीत शिरते. असे झाल्यास जखम लहान दिसली, तरी ताबडतोब दवाखाना गाठावा.

तयार केलेली अवजारे तेल लावून एका डब्यात ठेवावीत. ही तयारी उन्हाळ्यातच करून ठेवल्यास ऐन हंगामात खोळंबा होणार नाही. मात्र काम कितीही घाईचे असले, तरी आधी आधार, मगच पाना, हा क्रम कधीही मोडू नये.