विश्लेषण : सिम्युलेशन सॉफ्टवेअरचा परवाना इतका महाग का पडतो?

एखादा ब्रॅकेट भार सोसेल का, पंपातून पाणी नीट वाहील का, हे नमुना घडवण्याआधीच संगणकावर तपासता येते. त्यासाठी अ‍ॅन्सिस, अ‍ॅबॅकस यांसारखी सॉफ्टवेअर वापरली जातात. चाकण-भोसरीतल्या मोठ्या कंपन्यांना त्यांचा खर्च परवडतो. सुटे भाग बनवणाऱ्या लहान उद्योगाचे गणित मात्र त्याने बिघडू शकते.

किंमत आधी कळत का नाही?

बहुतेक कंपन्या दरपत्रक जाहीर करत नाहीत. कोणते मॉड्यूल हवे, किती जण वापरणार, किती काळासाठी, यावर रक्कम ठरते. ताण-विश्लेषणासाठी घेतलेल्या परवान्यात द्रवप्रवाहाचे मॉड्यूल असेलच असे नाही. त्यामुळे एकाच सॉफ्टवेअरसाठी दोन ग्राहक वेगवेगळी रक्कम मोजतात.

कायमचा परवाना की वार्षिक?

कायमच्या परवान्यात सुरुवातीला मोठी रक्कम जाते. नव्या आवृत्त्या आणि तांत्रिक मदतीसाठी दरवर्षी देखभाल शुल्क वेगळे. वार्षिक परवान्यात एकरकमी बोजा नसतो, पण मुदत संपली की सॉफ्टवेअर बंद. समजा, कायमचा परवाना १० लाखांचा, देखभाल वर्षाला २ लाख आणि वार्षिक परवाना ४ लाखांचा आहे. पाच वर्षांत दोन्हींचा खर्च २० लाखांवर येतो. काम त्याआधी संपणार असेल तर वार्षिक परवाना स्वस्त, त्यापुढे चालणार असेल तर कायमचा.

कोअर वाढले की काय होते?

वेगवान संगणक घेतला म्हणजे काम आपोआप वेगाने होत नाही. जास्त कोअर वापरायलाही परवाना लागतो. अ‍ॅबॅकसमध्ये हा हिशेब टोकनांचा असतो. एका कोअरला ५, चारला ८, आठला १२ आणि सोळाला १६ टोकन. म्हणजे कोअर सोळापट, पण टोकन तिपटीहून थोडे जास्त. अ‍ॅन्सिसमध्ये एका एचपीसी पॅकने ८ जादा कोअर मिळतात, दोन पॅक एकत्र लावले तर ३२ आणि तीन लावले तर १२८.

दहा अभियंत्यांना दहा परवाने लागतात का?

नाही. फ्लोटिंग परवाना सर्व्हरवर असतो. एकाचे काम संपले की तोच दुसरा वापरू शकतो. एकाच संगणकाला बांधलेला परवाना सहसा स्वस्त असतो, पण तो असा फिरवता येत नाही. दहापैकी एका वेळी तिघेच काम करत असतील, तर तीन फ्लोटिंग परवाने पुरतात.

फुकट पर्याय चालतील का?

अ‍ॅन्सिसची विद्यार्थी आवृत्ती मोफत आहे. पण तिच्यात मॉडेलच्या आकारावर मर्यादा असते आणि ती व्यावसायिक कामाला वापरता येत नाही. चोरीची प्रत त्याहून महागात पडते. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३-ब नुसार, जाणूनबुजून अशी प्रत वापरल्यास ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. ओपनफोम, कॅल्क्युलिक्स, कोड-अ‍ॅस्टर ही मुक्त सॉफ्टवेअर मात्र व्यवसायातही वापरता येतात. तिथे परवान्याचे पैसे वाचतात, पण शिकण्याचा वेळ आणि जाणकार माणसाचा पगार मोजावा लागतो.

करार करण्यापूर्वी काय पाहावे?

वर्षातले किती दिवस सॉफ्टवेअर खरोखर चालणार, हे आधी मोजावे. नूतनीकरणाच्या वेळी दर किती वाढू शकतो आणि परवाना दुसऱ्या शाखेत वापरता येतो का, हे लेखी घ्यावे. वर्षाला दोन-चारच विश्लेषणे लागत असतील, तर परवाना घेण्यापेक्षा ते काम सल्लागार संस्थेकडे देणे बहुधा स्वस्त पडते.